मदत हवी आहे: १९६७ कॅमारो, लांब हेडर बसवले आणि ऑइल फिल्टर अडकला

मंडळी,

गाडी १९६७ ची शेव्हरोले कॅमारो, ३२७ घनइंची व्ही-८, चार गिअरचा मॅन्युअल गिअरबॉक्स. मूळचे बिडाचे एक्झॉस्ट मॅनिफोल्ड उतरवून लांब नळ्यांचे आफ्टरमार्केट हेडर (प्रत्येक सिलिंडरला वेगळी एक्झॉस्ट नळी असलेला संच) घेतले, नळीचा व्यास १ ५/८ इंच. उजवी बाजू फारशी कुरकुर न करता बसली. डावीकडे मात्र घोडं पेंड खातंय ते ऑइल फिल्टरपाशी.

ज्यांना हे इंजिन माहीत नाही त्यांच्यासाठी: फिल्टर ब्लॉकच्या डाव्या अंगाला अगदी मागे, बेलहाउसिंगजवळ (क्लचभोवतीचं कवच) खाली लटकतो. ऑइल पंप मागच्या मेन बेअरिंगच्या कॅपवर असल्यामुळे तेल तिथूनच वर चढतं, फिल्टरमधून गाळून निघतं आणि मग पुढे गॅलरीत, म्हणजे ब्लॉकमधल्या तेलाच्या वाटेत जातं. त्यामुळे फिल्टरची जागा हलवणं आपल्या मर्जीवर नाही. डाव्या बँकेत, म्हणजे सिलिंडरांच्या डाव्या रांगेत, पुढून मागे १-३-५-७ असे सिलिंडर. माझ्या हेडरची सात नंबरची नळी फिल्टरच्या अगदी अंगावरून खाली उतरते आणि जसजशी उतरते तसतशी त्याच्याकडे झुकत जाते.

आता दुसरा पेच. १९६८ पासून शेव्हीने हाताने फिरवून बसवायचा (स्पिन-ऑन) फिल्टर दिला. त्याआधी पत्र्याचा डबा, आत बदलायचं एलिमेंट आणि डब्याच्या बुडातून वर जाणारा लांब बोल्ट अशी रचना असायची. माझ्या इंजिनावर तोच डबा आहे. गंमत अशी की हेडर लावल्यावर डबा जागेवर छान राहतो, पण बाहेर काढता येत नाही. बोल्ट सोडला की डबा सरळ खाली यायला हवा, तर खाली नळीचं वळण आडवं येतं. तिरका करून काढावा म्हटलं, तर बोल्टचं डोकं नळीला टेकतं. प्रत्येक ऑइल चेंजला हेडर सैल करायचा म्हणजे डोक्याला ताप.

जागा किती आहे ते डोळ्यांनी नीट कळत नव्हतं. म्हणून मुलांच्या खेळण्यातली चिकणमाती डब्यावर थापली, हेडर परत चढवला, बोल्ट आवळले आणि पुन्हा उतरवून मातीची जाडी मोजली. वरच्या बाजूला १२-१३ मिमी, खाली बुडाशी जेमतेम ४. मातीवर नळीचा ठसा इतका स्वच्छ उठलाय की नेमकं कुठे अडतंय यात शंका उरत नाही.

मला तीन वाटा दिसतात. एक, जुना डबा काढून स्पिन-ऑन फिल्टरचा अडॅप्टर लावायचा आणि कमी उंचीचा फिल्टर घ्यायचा. दोन, सात नंबरच्या नळीला तेवढ्यापुरता पोचा मारायचा, म्हणजे दाबून खळगा पाडायचा. तीन, रिमोट फिल्टर, म्हणजे ब्लॉकवर अडॅप्टर, तिथून दोन होज आणि फिल्टर पुढे मोकळ्या जागी. तिसरी वाट ऐकायला सगळ्यात सुटसुटीत वाटते, पण क्लचचा झेड-बार (पेडलची हालचाल क्लचपर्यंत नेणारा आडवा दांडा) त्याच भागात आहे. तो ज्यावर फिरतो तो बॉल स्टड ब्लॉकमध्ये फिल्टरच्या जवळच आहे आणि होज वळवायला मोकळी बाजू सापडत नाही.

ज्यांनी हे स्वतः केलंय त्यांनी सांगावं: कमी उंचीच्या फिल्टरने काम भागतं का? नळी आणि फिल्टरमध्ये निदान किती अंतर हवं? आणि इंजिन रेस केल्यावर हलतं, तेव्हा हे अंतर आणखी कमी होतं का? "हेडर काढून मॅनिफोल्ड लाव" हे उत्तरही चालेल, फक्त कारण द्या.

प्रतिसाद – पान्हाबहाद्दर

पहिली वाट धरा. तुमच्या मातीनेच उत्तर दिलंय की! अडचण बुडाशी आहे, वर नाही. मग उंची कमी केली की अडणारा भागच उरत नाही. शिवाय स्पिन-ऑन फिल्टर सोडवायला लांब बोल्टइतकी खालची जागा लागत नाही, निप्पलचे (फिल्टर ज्यावर चढतो त्या आखूड नळीचे) आटे सुटले की तो कलवून काढता येतो.

अडॅप्टर लावताना दोन गोष्टी बघा. ब्लॉकच्या खाचेत जुन्या डब्याचं रबरी पॅकिंग असतं. इतक्या वर्षांत ते कडक होऊन ब्लॉकचाच भाग असल्यासारखं दिसतं. टोकदार हुकाने कोरून पूर्ण काढा. त्यावरच नवं बसवलं तर पहिल्याच स्टार्टला तेलाची धार लागेल. दुसरं, आत दोन बोल्टवर बायपास व्हॉल्व्हची (फिल्टर तुंबला की तेलाला आडवाट देणाऱ्या झडपेची) जुनी तबकडी असेल. ती निघते आणि नवा अडॅप्टर तिच्या जागी बसतो. अडॅप्टरमध्ये स्वतःचा बायपास आहे ना, हे विकत घेतानाच पाहा.

फिल्टरचे आटे १३/१६ इंच, १६ टीपीआय (इंचाला १६ आटे). फोर्डच्या कित्येक इंजिनांना ३/४ इंच, १६ टीपीआय लागतात. डबे बाहेरून सारखे दिसतात म्हणून दुकानदाराच्या शब्दावर जाऊ नका. मोठ्या आट्यांचा फिल्टर छोट्या निप्पलवर चढल्यासारखा वाटतो आणि प्रेशर आलं की उडतो. पॅकिंगचा व्यासही जुन्याशी ताडून बघा.

प्रतिसाद – गॅलरीतला प्रेक्षक

इंजिन हलण्याबद्दल विचारलंत. फिल्टर ब्लॉकला, हेडर हेडला आणि हेड ब्लॉकला. सगळं एकत्रच हलतं, त्यामुळे इंजिन कितीही डुललं तरी या दोघांमधलं अंतर तेवढंच राहतं. ते बदलतं चेसिस आणि स्टिअरिंगच्या बाबतीत. तिथे बघताना लक्षात ठेवा की थ्रॉटल दिला की या इंजिनाची डावी बाजू वर उचलली जाते. माउंटिंगचं रबर मेलेलं असेल तर आणखीच.

अंतर बदलतं ते उष्णतेने. पोलादाची मीटरभर नळी ५०० अंश सेल्सिअसने तापली तर लांबीत साधारण ६ मिमी वाढते. तुमची नळी त्याहून आखूड आहे आणि सगळी सारखी तापणार नाही, पण वाढायला जागा नसली की ती वळणापाशी बाजूला सरकते. कुठल्या बाजूला, ते हेडरच्या आकारावर. त्यामुळे थंड गाडीतले ४ मिमी मी शून्य धरतो. माझा स्वतःचा नियम: १२ मिमीच्या खाली नाही, आणि २५ च्या खाली असेल तर मधे पत्रा.

पत्रा म्हणजे स्टेनलेसचा पातळ तुकडा, दोन्ही बाजूंनी हवा खेळेल असा. फिल्टरला चिकटवला तर त्याचा काही उपयोग नाही. आणि कुणी नळीला फायबरग्लासची पट्टी गुंडाळायला सांगितलं तर तिथे ऐकू नका. फिल्टर काढताना तेल सांडणारच, पट्टी ते शोषून घेणार आणि मग तापलेल्या नळीवर तेलात भिजलेली वात तयार. पेटायला ठिणगीसुद्धा लागत नाही.

धागाकर्ता

दोघांचेही आभार. एकत्र हलतात ही गोष्ट आता इतकी उघड वाटतेय! छोट्या फिल्टरबद्दल एक शंका: गाळणारा कागद कमी, मग इंजिनाला त्रास नाही का? त्यापेक्षा रिमोटवर मोठा फिल्टर बरा असं एकाने सुचवलं.

प्रतिसाद – तेलकट हात

कागद कमी म्हणजे तो लवकर भरतो. थंडीत तेल घट्ट असताना बायपासही लवकर उघडतो आणि तेवढा वेळ न गाळलेलं तेल फिरतं. उपाय सोपा आहे, तेल-फिल्टर वेळेआधी बदला. वर्षाला मोजकेच किलोमीटर चालणाऱ्या गाडीत तुम्ही तसंही तारीख बघून बदलणार.

रिमोट मी दोन गाड्यांवर बसवलाय, एकीवरून काढूनही टाकलाय. वाईट नाही, पण जिथे एक पॅकिंग होतं तिथे सहा-आठ सांधे येतात. इंजिनाचं सगळं तेल त्या दोन होजमधून जातं, एक फुटला की प्रेशर गेलंच. करायचाच असेल तर होज आतून निदान १/२ इंच, म्हणजे होजच्या मापांत एएन-१०. त्याहून बारीक नको. हेडरजवळ होजवर फायर स्लीव्ह (उष्णता रोखणारी खोळ). फिल्टर बॉडीवर लावला तर होजला इंजिन डुलण्यापुरती ढील हवी, ही तुमच्या इंजिन हलण्याच्या प्रश्नाची दुसरी बाजू. आणि इन-आउट उलटं जोडू नका. स्पिन-ऑन फिल्टरमध्ये तेल कडेच्या छिद्रांतून आत जातं आणि मधल्या आट्यांच्या भोकातून बाहेर येतं. उलटं झालं तर अँटी-ड्रेनबॅक व्हॉल्व्हचं (इंजिन बंद असताना तेल परत निथळू न देणाऱ्या झडपेचं) रबरच वाट बंद करतं. बाकी झेड-बार असलेल्या गाडीत होज त्याच्या चालीच्या वाटेत येणार नाहीत याची खात्री क्लच दाबून करायची, नुसतं बघून नाही. तुमच्याकडे साधी वाट मोकळी असताना मी या भानगडीत पडलो नसतो.

प्रतिसाद – बिडाचा भक्त

मॅनिफोल्डचं कारण मागितलंत म्हणून: गाडी फक्त रविवारी फिरायची असेल तर हेडरचा फायदा वरच्या आरपीएमवर, आणि ताप रोजचा. प्लगच्या वायरी जळणार, गॅस्केट दरवर्षी फुंकणार. पण तुम्ही पैसे खर्च करून बसलाय, तेव्हा पोच्याबद्दल सांगतो.

पोच्याने ताकद जाते हा बाऊ आहे. १ ५/८ च्या नळीत वाटीसारखा उथळ, गोलसर खळगा पडला तर रस्त्यावर फरक कळत नाही. धारदार घडी मात्र नको, तिथूनच पुढे चीर जाते. हेडर गाडीवरून उतरवा, नळी गॅसच्या टॉर्चने तापवून लाल करा, आणि हातोडीने थेट न ठोकता गोल गजाचा तुकडा मधे धरून दाबत न्या. सिरॅमिक कोटिंग असेल तर तेवढं उडेल. साधा काळा रंग असेल तर प्रश्नच नाही. पण आधी छोटा फिल्टर लावून पाहा, पोचा परत काढता येत नाही.

धागाकर्ता

अडॅप्टर आणि कमी उंचीचा फिल्टर आणला. जुनं पॅकिंग खाचेत होतंच, तुकड्या-तुकड्याने निघालं, अक्षरशः बाकेलाइटसारखं. पुन्हा माती लावून मोजलं: सगळ्यात अरुंद जागी १४ मिमी. फिल्टर खालून हाताने येतो-जातो, फक्त पट्ट्याचा पान्हा फिरवायला जागा नाही, त्यामुळे बुडाला बसणारा वाटीसारखा सॉकेट लागेल. पोचा मारत नाही. पत्रा बेलहाउसिंगच्या बोल्टवर पकडून मधे सोडतोय.

एकच राहिलं. फिल्टर सोडवताना तेल थेट नळीवर ओघळतं. त्यावर काय करता?

प्रतिसाद – पान्हाबहाद्दर

जाड ॲल्युमिनियम फॉइलची पन्हाळी करून नळीवर दाबून बसवा, तिचं टोक ट्रेमध्ये. इंजिन कोमट असतानाच काम करा, हेडर हात लावण्याइतका थंड हवा. उरलेलं ब्रेक क्लीनरने पुसा, पण तो पूर्ण उडून गेल्याशिवाय स्टार्टर मारू नका. नवा फिल्टर खाली लटकतो, म्हणजे तोंड वर, तेव्हा तेलाने भरूनच चढवा. पॅकिंग टेकल्यावर पाऊण फेरा, हातानेच. पहिल्यांदा सुरू केल्यावर दोन मिनिटं खाली टॉर्च धरून अडॅप्टरची कड बघा. गळायचं असेल तर तिथूनच गळेल.