काचेसारखं गोठवणं: नायट्रोजन असताना इथेन कशाला?
एकाने विचारलंय की द्रव नायट्रोजन उणे १९६ अंश सेल्सिअसवर असतो, मग क्रायो-इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाचे (गोठवलेले नमुने इलेक्ट्रॉनच्या झोताने पाहणारं यंत्र) नमुने त्याहून थोड्या कमी थंड अशा द्रव इथेनमध्ये का बुडवतात? प्रश्न रास्त आहे. तापलेल्या तव्यावर पाण्याचा थेंब पटकन उडून न जाता नाचत राहतो ना, तीच गोष्ट इथे घडते. नमुना नायट्रोजनच्या मानाने भयंकर गरम असतो. त्याच्याभोवती लगेच वायूचा पापुद्रा तयार होतो आणि उष्णता बाहेर पडायला वेळ लागतो. तेवढ्यात बर्फाचे स्फटिक होऊन नमुना बिघडतो, म्हणजे सगळं मुसळ केरात. इथेन तितक्या सहज उकळत नाही, त्यामुळे पाण्याच्या रेणूंना ओळीत उभं राहायला सवडच मिळत नाही. ते जिथल्या तिथे थिजतात, अगदी काचेसारखे. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला जाक दुबोशे या शास्त्रज्ञाने जर्मनीतल्या हायडलबर्गला हे जमवलं आणि २०१७ चं रसायनशास्त्राचं नोबेल त्यांना आणखी दोघांसोबत विभागून मिळालं. पुढेही नमुना सुमारे उणे १४० च्या खालीच ठेवावा लागतो, नाहीतर त्या काचेचा बर्फ होतो.

आयव्हीएफमधले (टेस्ट ट्यूब बेबीचं तंत्र) भ्रूणही असेच काचेसारखे गोठवतात, पण त्यांना मात्र इथेन लागत नाही. तिथे इथिलीन ग्लायकॉलसारखी द्रव्यं आधीच पेशीतलं पाणी घट्ट करून ठेवतात. भ्रूण असलेला थेंबही इतका इवलासा असतो की थेट नायट्रोजन चालतो. बर्फ होतच नाही, त्यामुळे 'भ्रूण बर्फात ठेवलेत' हे ऐकलं की मी उगाच दुरुस्ती करत बसतो, घरचे वैतागतात.