जाताना तोंड उघडायचं की गोड बोलून निघायचं?

कडवट (धागाकर्ता)
परवा राजीनाम्याच्या धाग्यावर 'समंजस' यांनी सल्ला दिला: "शेवटच्या दिवशी सगळ्यांचे आभार माना, जे पाहिलं ते विसरा. पुढे हीच माणसं भेटणार आहेत." खाली '+१' ची रांग. डोक्यात तिडीक गेली, म्हणून हा वेगळा धागा.

आत असलेल्याच्या गप्प बसण्याला निदान कारण असतं. पगार, बढती, साहेबाची मर्जी. निघालेल्याचं काय जातं? खोटी बिलं, बनावट चाचणी अहवाल, हाताखालच्या मुलींना छळणारा मॅनेजर, सगळं ठाऊक असून हसत फोटो काढून निघायचं? तुमच्या खुर्चीत उद्या जो बसेल त्याला कोण सांगणार? माझ्या मते सांगायची जबाबदारी सोडणाऱ्यावरच जास्त. दिनेश ठाकूर यांनी २००५ साली रॅनबॅक्सी ही औषध कंपनी सोडली आणि त्यानंतर औषधांच्या खोट्या आकडेवारीबद्दल अमेरिकेच्या एफडीएला, म्हणजे तिथल्या औषध नियामकाला, कळवलं. २०१३ मध्ये कंपनीने गुन्हा कबूल केला आणि ५० कोटी डॉलर भरायला तयार झाली. तेही 'समंजस' असते तर?

समंजस
मधली आठ वर्षं गाळलीत ती सोयीस्कर. तेवढा काळ माणसाने घर कशावर चालवायचं, यावर धाग्यात अवाक्षर नाही.

'निघालेल्याचं काय जातं' म्हणे! पुढची कंपनी चौकशीचा फोन कुणाला लावते? शेवटचा हिशोब कुणाच्या सहीने सुटतो? आणि इतकी वर्षं त्याच पगारावर चिडीचूप राहून शेवटच्या आठवड्यात ज्याला कंठ फुटतो, त्याला लोक नीतिमान म्हणत नाहीत. बढती हुकली असेल म्हणतात. बहुधा बरोबरच म्हणतात.

कडवट
म्हणोत. सांगणाऱ्याच्या मनात सूड आहे म्हणून खोटं बिल खरं होतं का?

खातेवही
तुम्ही दोघंही राहिलेल्यांना विसरलात. आमच्याकडे एकाने एक्झिट इंटरव्ह्यूत मन मोकळं केलं. एचआरच्या बाईंनी मान डोलावत सगळं लिहून घेतलं आणि ते संध्याकाळच्या आत साहेबाच्या टेबलावर. तो तपशील फक्त दोघांनाच माहीत असू शकत होता. एक तर निघून गेला होता. उरलेल्या पोरीची बदली झाली, कामाचे शेरे खराब आले, शेवटी तिनेही सोडलं. हा वीर मात्र नव्या ऑफिसात 'मी कसं सुनावलं' सांगत हिंडतो. एचआर कर्मचाऱ्यांसाठी असतं हे ज्याने पसरवलं त्याला शोधतोय मी.

तिरकी रेघ
म्हणूनच निनावी पत्र. विषय संपला.

खातेवही
निनावी पत्राची जागा केराच्या टोपलीत! अशाच एका पत्रामुळे आमचा स्टोअरकीपर चौकशीत भरडला गेला. निर्दोष सुटला, पण कुजबुज सुटली नाही. लिहिणारा कोण ते आजतागायत कळलेलं नाही. समोर यायची हिंमत नसेल तर लिहू नका.

तिरकी रेघ
हिंमत? अभियंते सत्येंद्र दुबे यांनी महामार्गाच्या कामातल्या भ्रष्टाचाराबद्दल थेट पंतप्रधानांना लिहिलं, नाव गुप्त ठेवायची विनंती करून. पत्र नावासकट खात्याखात्यांतून फिरलं. नोव्हेंबर २००३ मध्ये गयेत त्यांना गोळी घातली. आता द्या हिंमतीवर व्याख्यान.

जुनी फाईल
खटल्यात तो खून लुटीसाठी झाल्याचं ठरलं. दाखला द्यायचा तर पूर्ण द्या.

तिरकी रेघ
पत्र फुटलं की नाही? तेवढंच बोला. वर २०१४ चा जागल्यांचा (गैरप्रकार उघड करणाऱ्यांचा, म्हणजे व्हिसलब्लोअरांचा) कायदा निनावी तक्रार घेतच नाही. तीही फक्त सरकारी नोकरांविरुद्धची, आणि कायदा संमत होऊन वर्षं लोटली तरी लागू झाला नाही. अमेरिकेतल्या एन्रॉन कंपनीच्या शेरॉन वॉटकिन्स यांनीही हिशोबातल्या घोळाबद्दलचं ऑगस्ट २००१ मधलं पत्र आधी निनावीच दिलं होतं.

खातेवही
आणि नंतर स्वतःहून नाव सांगून अध्यक्षांना भेटल्या! अर्धवट वाचून येता आणि आम्हाला शिकवता.

जुनी फाईल
त्यानंतर त्यांना काढलं तर कायद्याने काय होईल, हे कंपनीने वकिलांना विचारून ठेवलं, तेही सांगा. ठाकूर यांनीसुद्धा एफडीएला पहिल्यांदा टोपणनावानेच लिहिलं. आणि मंडळी, इथे आपण सगळे टोपणनावाने भांडतोय.

खातेवही
इथे कुणाची नोकरी जात नाही. निनावी लिहायचंच असेल तर बिलाचा नंबर, तारीख, रक्कम लिहा, म्हणजे निदान तपासता येईल. 'अमुक माणूस भ्रष्ट आहे' एवढंच लिहिणाऱ्यांचा मला राग आहे.

कडवट
मूळ विषय कुणाला आठवतो का? युरोपीय संघाच्या जागल्यांबद्दलच्या २०१९ च्या निर्देशात नोकरी सोडलेल्यांनाही संरक्षण दिलंय. म्हणजे निघालेला माणूस सांगू शकतो आणि त्यालाही धोका असतो, हे कायदे करणाऱ्यांना कळलं.

समंजस
'त्यालाही धोका असतो' हे तुमच्याच तोंडून आलं, आभारी आहे. धाग्यात 'काय जातं' लिहिलं होतंत.

बरं, औषध, पूल, विमान, कुणाच्या तरी जिवाशी खेळ असेल तर कळवा, आणि एचआरला नाही तर नियामकाला. त्या पोरीसारखी आत राहणारी कुणी असेल तर आधी तिला विचारा. एवढं मान्य. पण ज्यांचं दुःख साहेबाने रजा नाकारल्याचं आहे त्यांनी ठाकूरांच्या रांगेत उभं राहू नये.

कडवट
'जे पाहिलं ते विसरा' मागे घेतलंत तर!

समंजस
आभार माना हे अजून कायम आहे.

तिरकी रेघ
निनावीचं काय ठरलं मग?

खातेवही
वेगळा धागा काढा. स्वतःच्या नावाने.