मदत हवी आहे: सायकल फेरी तीन आठवड्यांवर आणि गुडघा बाराव्या किलोमीटरला संपावर

मुलुंडकरीण:
आमच्या महिला मंडळाची सायकल फेरी तीन आठवड्यांवर आली आहे आणि माझा उजवा गुडघा मला दहाव्या-बाराव्या किलोमीटरच्या पुढे जाऊ देत नाही. नुसती हौस असती तर मी अर्ध्यातून परत फिरले असते. परंतु ओळखीच्या सत्तावीस जणांनी माझ्या प्रत्येक किलोमीटरमागे ठरावीक रक्कम देण्याचे कबूल केले आहे आणि त्या पैशांतून शहापूर तालुक्यातील पाड्यांवरून पायी शाळेत जाणाऱ्या मुलींना सायकली घेऊन द्यायच्या आहेत, त्यामुळे मी जिथे थांबेन तिथे देणगीही थांबेल. पट्टा बांधून झाला, तेल चोळून झाले. लगेच करता येईल असा उपाय सांगावा. "सराव वाढवा" हे मला घरातच रोज ऐकायला मिळते.

चाकमग्न:
एकूण अंतर किती, मार्ग कोणता, सायकल कोणती आणि गुडघा नेमका पुढून, मागून की बाजूने दुखतो, हे कळल्याशिवाय उपाय सांगणे म्हणजे फोनवर नाडी पाहण्यासारखे आहे. सूज येत असेल, गुडघा मध्येच अडकत असेल किंवा रात्री झोपेतही दुखत असेल, तर मात्र येथे विचारत न बसता अस्थिरोगतज्ज्ञांना दाखवा.

अप्पा गिरगावकर:
मी गिरगावातून फोर्टला बावीस वर्षे बिनगिअरच्या सायकलवरून कामाला गेलो आणि गुडघा म्हणजे काय हे मला निवृत्तीनंतर जिना चढताना कळले. रात्री चमचाभर मेथी भिजत घालावी आणि सकाळी अनशापोटी चावून खावी. फेरी दक्षिण मुंबईत असेल तर कोस्टल रोडने जावे, म्हणजे पेडर रोडचा चढ टळेल.

चाकमग्न:
अप्पा, कोस्टल रोडवर सायकलला परवानगी नाही, वांद्रे-वरळी सागरी सेतूवरही नाही आणि पूर्व मुक्त मार्गावरही नाही. मेथीबद्दल मी काही बोलत नाही.

मुलुंडकरीण:
सूज नाही. दुखते ते वाटीच्या पुढच्या बाजूला, विशेषतः पेडल जोरात दाबताना. मार्ग शिवाजी पार्क, सिद्धिविनायक, वरळी, हाजीअली, पेडर रोड, चौपाटी, मरीन ड्राइव्ह, गेटवे आणि त्याच वाटेने परत, असा साधारण २५ किलोमीटरचा आहे. सायकल चांगली आहे, गिअरची आहे, तिचा येथे संबंध नाही.

हिशेबतपासनीस:
देणगीदारांना आयकरात वजावट हवी असेल, तर पैसे घेणाऱ्या संस्थेकडे ज्याला सगळे '८० जी' म्हणतात ती मान्यता असली पाहिजे. केवळ महिला मंडळ म्हणून पावती फाडल्याने वजावट मिळत नाही. २००० रुपयांपेक्षा जास्त देणगी रोख दिली तर ती धरली जात नाही आणि ज्यांनी नवी कररचना निवडली आहे त्यांना या वजावटीचा लाभच नाही. फेरीच्या नोंदणीसाठी भरलेले शुल्क, ज्याच्या बदल्यात टी-शर्ट आणि नाश्ता मिळतो, ते देणगी म्हणून दाखवू नये.

निळी सायकल:
हिशेबतपासनीस, ताईंनी गुडघ्याबद्दल विचारले आहे.

हिशेबतपासनीस:
सत्तावीस जणांपैकी पहिला माणूस मार्चमध्ये पावती मागेल, तेव्हा त्यांना माझा प्रतिसाद आठवेल.

निळी सायकल:
ताई, सायकलचा संबंध नाही असे तुम्ही म्हणता, परंतु माझा अनुभव नेमका उलट आहे. सायकल तुमच्यासाठीच घेतलेली आहे की घरातल्या दुसऱ्या कोणाची? सीट किती उंच ठेवता? पुढची चेन कोणत्या चाकीवर असते?

मुलुंडकरीण:
सायकल मुलाची आहे, तो आता ती वापरत नाही. तो माझ्याहून उंच असल्यामुळे मी सीट पूर्ण खाली केली आहे, जेणेकरून सिग्नलला बसल्या बसल्या दोन्ही पाय जमिनीवर टेकतील. चेन पुढच्या मोठ्या चाकीवरच ठेवते, कारण इतरांच्या मागे पडायला नको.

निळी सायकल:
मग गुडघा बिचारा निर्दोष आहे. सीट खाली असली की पेडल वर येताना गुडघा प्रमाणाबाहेर दुमडतो आणि त्याच अवस्थेत जड गिअर दाबला की सगळा भार वाटीवर येतो.

भिंतीला टेकून सीटवर बसा, पेडल सर्वांत खाली आणा आणि त्यावर टाच ठेवा. पाय सरळ झाला पाहिजे. मग नेहमीप्रमाणे चवड्याने पेडल मारले की गुडघ्यात थोडासाच बाक राहतो आणि तोच हवा असतो. एकदम इतकी उंची वाढवू नका, दर दोन-तीन दिवसांनी बोटभर वाढवा, आणि दांड्यावरची कमाल उंचीची खूण नळीच्या बाहेर येऊ देऊ नका. सीट उंच झाल्यावर बसून पाय टेकणार नाहीत, हे गृहीतच धरा. थांबताना सीटवरून पुढे उतरून एक पाय जमिनीवर ठेवायचा असतो. मलाही हे चाळिशीनंतर सोसायटीच्या आवारात, वॉचमनच्या देखत शिकावे लागले.

गिअर हलका ठेवा आणि पाय मिनिटाला सत्तर-ऐंशी फेरे फिरतील असे पाहा. पेडर रोडला चढ सुरू होण्याआधीच चेन लहान चाकीवर आणा. चढावर जोर लावत गिअर बदलला तर चेन उतरते.

वेगवान५५:
एवढे करण्यापेक्षा विजेची सायकल भाड्याने घ्यावी.

चाकमग्न:
किलोमीटरमागे पैसे देणाऱ्यांना ते पटेल का, हे आधी विचारावे लागेल. निळी सायकल यांच्याशी मी सहमत आहे, मात्र सीटही बदलावी असे सुचवतो. पुरुषांसाठीची अरुंद सीट अनेक स्त्रियांना टोचते, कारण बैठकीच्या हाडांमधले अंतर त्यांच्यात सहसा जास्त असते.

निळी सायकल:
तीन आठवडे उरले असताना नवी सीट नको. तिची सवय होण्याआधीच फेरीचा दिवस उजाडेल. पॅड असलेली सायकलची चड्डी घ्या आणि ती आतून दुसरे काही न घालता वापरा. दुकानात हे कोणी मोकळेपणाने सांगत नाही, म्हणून येथे लिहीत आहे.

मुलुंडकरीण:
आठवड्यात दोनदा सीट वर केली. आज सकाळी महामार्गाच्या सेवा रस्त्याने विक्रोळीपर्यंत जाऊन परत आले, सोळा किलोमीटर झाले आणि गुडघ्याने हूं की चूं केले नाही. ऐरोलीच्या सिग्नलला उतरताना एका रिक्षावाल्याने "सावकाश, मावशी" म्हटले, तेवढे सोडले तर पडलेही नाही. आता मात्र तळहातांना मुंग्या येतात. हे काय नवीन?

अप्पा गिरगावकर:
मेथी सुरू केली होती का?

निळी सायकल:
सीट वर करताना तिचे टोक खाली झुकले असेल. मग अंग पुढे घसरते आणि सगळा भार हातांवर पडतो. बाजूने मोबाइलवर फोटो काढून पाहा, सीट जमिनीला समांतर दिसली पाहिजे. कोपरे किंचित वाकवून ठेवा आणि हँडलवरची पकड अधूनमधून बदला. फेरी पहाटे साडेपाचला निघणार असेल, तर सध्या सूर्य सातनंतर उगवतो, त्यामुळे पुढे पांढरा आणि मागे लाल दिवा लावायला विसरू नका.

मुलुंडकरीण:
टोक खरोखरच झुकले होते. निघण्याची वेळ पावणेसहाची आहे, हे सांगायचे राहिले.