मदत हवी आहे: शिक्रा म्हणून केलेल्या जुन्या नोंदींचं काय करू?

नमस्कार मंडळी,

चार वर्षं झाली, रविवारी सकाळी पुण्यात वेताळ टेकडीवर जाते. शिक्रा हा छोटा शिकारी पक्षी मला ओळखता येतो याबद्दल कधी शंकाच नव्हती. राखाडी पाठ, पोटावर आडव्या तांबूस रेघा, पट्ट्यापट्ट्यांची शेपूट, चार-पाचदा पंख मारून तरंगत जाणं आणि लहान पाखरांची धांदल. एवढं दिसलं की वहीत 'शिक्रा' लिहायचं, घरी येऊन ईबर्ड या पक्षीनोंदींच्या संकेतस्थळावर टाकायचं.

गेल्या ऑगस्टमध्ये बाभळीवर शिक्र्याचं पिल्लू दिसलं. तपकिरी, छातीवर गडद फराटे. कॅमेरा काढेपर्यंत एक सातभाई अळी घेऊन आला आणि त्याने ती त्या पिल्लाला भरवली. थोड्या वेळाने पुन्हा. ते पावशाचं पिल्लू होतं! पावशा म्हणजे कोकिळेच्या कुळातला, पण दिसायला शिक्र्यासारखा पक्षी. पावशाची मादी सातभाईच्या घरट्यात अंडी घालते हे मी वाचलेलं होतं, पण माझ्या वहीतल्या शिक्र्यांशी त्याचा संबंध असेल हे मनातही आलं नव्हतं.

घरी आल्यावर जुन्या १४ नोंदी काढल्या. फोटो फक्त ५ नोंदींचे. त्यातले दोन चक्क पावशा: चोच शिक्र्यासारखी आकड्यासारखी वळलेली नाही, डोळ्याभोवती पिवळं कडं, पाय आखूड. दोन्ही जानेवारीतले. पावशा मला फक्त त्याच्या 'पेर्ते व्हा' या हाकेवरून कळायचा आणि हिवाळ्यात तो बहुतेक गप्पच असतो. माझी चूक तिथेच झाली असं वाटतं.

आता बिनफोटोच्या ९ नोंदी उरल्या. त्या काढून टाकू की 'अनिश्चित' करू? वहीत नुसतं नाव आहे, काय पाहिलं त्याचा एक शब्दही नाही, याचं फार वाईट वाटतंय. आता आधी वर्णन आणि मग नाव असं लिहायला लागले आहे. तुम्ही जागेवर काय काय टिपता?

आणखी एक. पाठमोरा उडत गेला तर दोघांत फरक कसा करता? फांदीवर उतरल्यावर पावशा शेपूट डावी-उजवीकडे हलवतो असं वाचलं. हे दर वेळी दिसतं का?

तिसऱ्या एका फोटोबद्दल मी अडले आहे. पक्ष्याचं डोकं फांदीआड गेलंय, फक्त शेपूट आणि एक पाय दिसतोय. प्रतिसादात टाकते, कृपया बघून सांगा.