वंशावळीच्या शोधासाठी कोणती डीएनए चाचणी घ्यावी?

खानापूरकर: आमचे पणजोबा सावंतवाडीकडून घाट चढून खानापूर तालुक्यात आले, असे घरात सांगतात, पुरावा म्हणून पत्र्याच्या ट्रंकेत घडीवर फाटलेला मोडी कागद तेवढा आहे. त्यांच्या मूळ घराण्याचा माग लावण्यासाठी कोणती सेवा निवडावी?

निपाणीकर: वडिलांकडचाच माग हवा असेल, तर वाय गुणसूत्राची चाचणी घ्यावी; हे गुणसूत्र बापाकडून मुलाकडे जात असल्याने नमुना घराण्यातल्या पुरुषानेच द्यावा लागतो. फॅमिलीट्रीडीएनए ही कंपनी ती स्वतंत्रपणे करते. ऑटोसोमल चाचणी, म्हणजे लिंग ठरवणारी गुणसूत्रे सोडून बाकीच्या गुणसूत्रांची चाचणी, आई-वडील दोन्हीकडचे नातेवाईक दाखवते खरी, पण सख्ख्या चुलतभावाशी सरासरी १२.५ टक्के जुळणारा डीएनए, खापरपणजोबा सामाईक असलेल्या भावंडाशी १ टक्क्याहूनही कमी उरतो. शिवाय तुमच्या भाऊबंदांपैकी कोणी त्याच सेवेकडे नमुना दिलेला नसेल, तर जुळणार तरी कोणाशी?

अथणीकर: माहितीच्या सुरक्षिततेचाही विचार व्हावा. ट्वेंटीथ्रीअँडमी या डीएनए चाचणी कंपनीच्या सुमारे ६९ लाख ग्राहकांची माहिती २०२३ मध्ये फुटली आणि मार्च २०२५ मध्ये कंपनीने दिवाळखोरीचा अर्ज केला. नमुना नष्ट करून घेता येतो का, हे आधी वाचावे.

बेळगावकर: पैसे भरण्यापूर्वी गावात हेळवी, म्हणजे घराण्यांच्या वंशावळी लिहून ठेवणारे, येतात का, ते विचारा. आमच्या दारात बसून त्यांनी चोपडीतून सात पिढ्यांची नावे वाचली. मात्र त्यांत लेकी-सुनांची नावे जवळजवळ नव्हती, हे मला खटकले.

खानापूरकर: आभारी आहे. आधी मोडी कागद वाचून घेतो आणि थोरल्या काकांना नमुन्यासाठी विचारतो.