लेकरांसोबत मणी ओवताना: आपापले अनुभव सांगा

आर्णी, जि. यवतमाळ (सुरुवात मीच करते)
पोळा तोंडावर आला की आमच्याकडे लाकडी नंदी माळ्यावरून खाली येतो. मोठ्या पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा. पोरं बैल सजवून घरोघर नेतात, बोजारा (खाऊ-पैसे) घेतात. चमकीच्या तयार माळा बाजारात ढिगानं असतात, पण यंदा पोरीला बैलाची माळ स्वतःच ओवायची आहे. काचमण्याला धार असते, शिवणाचा दोरा त्यानं झिजून तुटतो. म्हणून तंगूस (नायलॉनचा दोरा) आणला. तो गुळगुळीत, एका गाठीत थांबत नाही. गाठीवर गाठ मारून उरलेल्या टोकाला उदबत्तीचा हलका चटका दिला की बारीक गोळी होते आणि गाठ सरकत नाही. चटक्याचं काम मोठ्यांनीच करायचं. तुमच्याकडे काय ओवतात, कशात ओवतात, सविस्तर लिहा.

दर्यापूरकडली आजी (नातू लिहून देऊन राहिला)
आमच्या टायमाले इकतचे मणी कोठचे माय! भादव्याच्या पुनवेले मातीची भुलाबाई बसली का कोजागिरीलोक पोट्ट्या रोज गाणे म्हणत, अन् तिच्या गळ्यात कोहळ्याच्या बियांची माळ. आताही नातींले थेच शिकवलं. बिया धुवाच्या, सावलीत सुकवाच्या, पण पार कडक नाही होऊ द्याच्या. थोड्या नरम असल्या का सुई सरकन जाते. टरबुजाच्या काळ्या बिया मधीमधी घातल्या का माळ उठून दिसते. चिंचोके मातर रातभर भिजू घाला, नाहीतर सुईच मोडते. सीताफळाच्या बिया पोट्ट्याईले टोचू देऊ नका. त्याचा भुगा डोळ्यात गेला तं डोळ्याची आग आग होते.

नागपूर ग्रामीण, जिल्हा परिषद शाळा
तिसरी-चौथीला मी मणी गणिताच्या तासाला देतो. आधी दोऱ्यानं मनगट मोजायचं, मग तो दोरा पट्टीवर ठेवायचा. मनगट १५ सेंटीमीटर, मणी ६ मिलिमीटरचा, तर मणी किती? २५. पण २५ मण्यांची पोची घट्ट बसते. का? कारण मण्यांना जाडी असते आणि माळ कातडीच्या बाहेरून फिरते. मग कोणी दोन मणी वाढवतं, कोणी तीन. हे पोरांना फळ्यावर सांगून पटत नाही, हातात घालून पटतं.
नागपूरजवळच्या माहुरझरीचा विषयही मी याच तासाला काढतो. महापाषाण काळातली शिळावर्तुळं तिथं आहेत, आणि अकीकासारख्या दगडांचे मणी तिथं घडवले जात, हे उत्खननातून समोर आलंय. पोरांचा पहिला प्रश्न ठरलेला: "सर, दगडाला भोक कसं पाडत होते?"

मेळघाट, अंगणवाडी सेविका
सगळे माळांचं कौतुक करून राहिले, मी नकोसं ते सांगते. तीन वर्षांखालच्या लेकरापुढे सुटे मणी ठेवूच नका. आमच्या वस्तीत एका बाळानं नाकात हरभरा कोंबला. घरच्यांनी पाणी सोडलं, दाणा फुगून आणखीच घट्ट बसला. शेवटी डॉक्टरनंच काढला. बी असो की मणी, आत गेला तर बोटानं किंवा काडीनं कोरायचं नाही, सरळ दवाखाना गाठायचा.
मोठ्या बालकांसाठी मी पपईच्या पानाचे देठ घेते. ते आतून पोकळ असतात. कापायचे, चीक निघेपर्यंत धुवायचे, पुसून अंगठ्याएवढे तुकडे करायचे. बुटाच्या नाडीत ओवतात. नाडीचं टोक कडक, त्यामुळं सुई लागत नाही. दुसऱ्या दिवशी तुकडे सुरकुततात, तेव्हा टाकून द्यायचे. खर्च शून्य.

वर्धा जिल्हा
काळ्या मातीचे मणी करू नका. ओली असताना झकास वळते, वाळली की आपल्या शेतासारखी भेगाळते. कुंभाराकडून माती आणा, खराट्याच्या काडीवर वळा, अर्धवट सुकल्यावर काडी फिरवून काढा.

दिग्रस तालुका, तांड्यावरून
आमची याडी (आई) कवड्या, आरसे, मणी सगळं कपड्यावर शिवायची. तिच्याकडून पोरींनी एकच गोष्ट उचलली, पण ती लाखमोलाची. बारीक मणी ताटात घेत नाहीत, सुती फडक्यावर पसरतात. ताटात मणी पळतात, फडक्यावर जागचे हलत नाहीत. मग मणी बोटानं उचलायचाच नाही. सुई आडवी धरून ढिगातून हलकेच सरकवायची, एका फेरीत चार-पाच मणी आपोआप चढतात. ज्याचं भोक बुजलेलं तो चढतच नाही, म्हणजे निवडणंही त्यातच होतं. पोरींचा हात बसला तेव्हापासून मोबाईल मागणं बंद झालं असं मी म्हणणार नाही. मागतातच. पण ओवताना मागत नाहीत.

भंडारा जिल्हा
एक गंमत सांगतो. माझा पोरगा बैलासाठी घुंगरमाळ ओवत बसला तर गल्लीतले वाहवा करतात. त्यानंच स्वतःच्या हाताला पोची केली तर "पोरगी हायेस का बे?" बैलाला शोभते, पोराला नाही, हे कोणतं शास्त्र? त्यानं ती पोची शाळेतही घातली. आता त्याचे दोन दोस्त मणी मागायला येतात.

गोंदिया जिल्हा
शेताच्या कुंपणाला गुंजेचा वेल आहे. लाल-काळ्या बिया फार देखण्या. त्यांची माळ चालेल का?

आर्णी
बिलकुल नको. गुंज विषारी असते. कवच टणक असतं म्हणून अख्खी बी कधीकधी तशीच बाहेर पडते, पण माळेसाठी भोक पाडलं की ते कवचच फुटतं. लेकरानं चावली तर जिवावर बेतू शकतं. आधी ओवलेली एखादी जुनी माळ घरात असली तर तीही लेकरांच्या हाती देऊ नका. लाल-काळंच हवं असेल तर काचमणी घ्या. घरातल्या तुटलेल्या माळा सोडवल्या तरी डबाभर निघतात.

गोंदिया जिल्हा
बरं झालं विचारलं. पोरीनं वाटीभर जमवल्या होत्या, आताच काढून घेतल्या. तुटलेल्या माळा आईच्या पेटीत आहेत, उद्या बसतो. इलास्टिकमध्ये ओवलं तर चालेल ना?

आर्णी
चालेल. फक्त ओवायच्या आधी इलास्टिक दोन-तीनदा ताणून घ्या, नाहीतर घातल्यावर सैल पडतं. आणि गाठ मोठ्या भोकाच्या मण्यात ओढून लपवा.