सत्तरच्या दशकातला सर्वश्रेष्ठ रॉक अल्बम: मी 'डार्क साईड'वर ठाम, तुम्ही बोला

तलावपाळीकर

परवा राम मारुती रोडवर चहा पिताना वाद सुरू झाला. दोन कटिंग झाले तरी मिटला नाही, म्हणून इथे आणतोय. प्रश्न साधा आहे. १९७० ते १९७९ या दहा वर्षांतला सगळ्यात थोर रॉक अल्बम कोणता?

माझं उत्तर पिंक फ्लॉइडचा 'द डार्क साईड ऑफ द मून', मार्च १९७३.

लोक गाणी मोजतात. याची चार गाजली, त्याची सहा. तो हिशेब मला मान्य नाही. ज्यातलं एक गाणं उचलून बाजूला ठेवलं की ते पोरकं दिसायला लागतं, त्याला मी अल्बम म्हणतो. बाकीच्याला गाण्यांची पिशवी म्हणा. डिसेंबर २०१९ मध्ये नेरुळला डी. वाय. पाटील स्टेडियमवर यू-टू आले होते, तेव्हा त्यांनी 'द जोशुआ ट्री' पहिल्यापासून शेवटपर्यंत, छापलेल्या क्रमाने वाजवला. (तो १९८७ चा, आपल्या दशकात बसत नाही, माहीत आहे.) पुढचं गाणं कोणतं हे स्टेडियमभर सगळ्यांना ठाऊक होतं, आणि तरी प्रत्येक गाणं संपताना लोक श्वास रोखून थांबत होते. अल्बम म्हणजे हे.

कॉलेजात माझ्याकडे ९० मिनिटांची एक कोरी कॅसेट होती. मित्राच्या मामाकडच्या रेकॉर्डवरून एका बाजूला 'डार्क साईड' भरून घेतला, दुसऱ्या बाजूला 'विश यू वेअर हिअर'. दोन्ही ४५ मिनिटांच्या आत बसतात, जणू मापं घेऊन शिवलेले. बाजू उलटली की १९७३ मधून थेट १९७५ मध्ये. आजही ठाण्याहून पनवेल लोकलला खिडकी मिळाली, तर पनवेल यायच्या आत 'डार्क साईड' पुरा होतो.

नियम: एकच नाव आणि त्याचं कारण. याद्या नकोत. लाईव्ह अल्बम नकोत.

कोपरीकर

क्वीन. 'अ नाईट अ‍ॅट दि ऑपेरा', १९७५. त्यांचा गायक, आपला फ्रेडी, पाचगणीच्या शाळेत शिकलाय, विसरलात काय?

तलावपाळीकर

पाचगणी हे कारण नाही हो. दुसरं काही असेल तर द्या.

कोपरीकर

एकही सिंथेसायझर न वापरता केलाय. पाकिटावर तसं छापलंयसुद्धा. तुमच्या फ्लॉइडला जमलं असतं का?

रूपक सात

मी तबला शिकलोय, गिटार नाही. त्यामुळे मी हातावर मोजत ऐकतो, आणि मोजत ऐकलं तर 'डार्क साईड' थोडा लबाड निघतो.

'मनी' हे गाणं सात मात्रांत आहे. मांडीवर तीं तीं ना, धीं ना, धीं ना धरून बघा. खंड आपल्या रूपकासारखे पडत नाहीत, पण सात पुरे भरतात. सॅक्सोफोनवाला बिचारा सातातच वाजवतो. आणि गिटारचा सोलो आला की सगळी मंडळी गुपचूप चारात उतरतात! सोलो संपला की पुन्हा सात. छान लागतं, नाही कशाला म्हणू? पण अवघड वळण आल्यावर गाडीतून उतरून चालत जाण्यातला प्रकार आहे.

उलट लेड झेपेलिनचं 'काश्मीर' घ्या. ड्रम चारात सरळ चाललाय, त्यावर गिटारची सुरावट तीनची. दोघं बारा मात्रांनी समेवर भेटतात. आणि कोणीही कोणासाठी थांबत नाही. लहानपणी आमचे मास्तर एका हातात तीन आणि दुसऱ्यात चार धरायला लावायचे, तेव्हा रडू यायचं. या लोकांनी त्यावर साडेआठ मिनिटं काढली. माझं मत 'फिजिकल ग्राफिटी', १९७५.

जाता जाता: गाण्याचं नाव 'काश्मीर' असलं तरी ते सुचलं मोरोक्कोच्या वाळवंटातल्या रस्त्यावर. पण मुंबईशी त्यांचा संबंध खरा आहे. १९७२ मध्ये झेपेलिनचे गिटारवाला पेज आणि गायक प्लांट इथे येऊन इथल्या वादकांबरोबर आपली दोन गाणी ध्वनिमुद्रित करून गेले. ती अधिकृतपणे बाहेर यायला २०१५ उजाडलं.

तलावपाळीकर

'फिजिकल ग्राफिटी' दोन तबकड्यांचा, त्यात आधीच्या अल्बमांतून उरलेली गाणीही भरलीत. माझ्या व्याख्येत ती पिशवीच. मोठी आणि महागाची, पण पिशवी.

रूपक सात

उरलेल्या भाताचा फोडणीचा भात कधी कधी मूळ भातापेक्षा चांगला होतो, हे तुमच्या घरी कोणी सांगितलं नाही का?

बी साईड

तलावपाळीकर, तुमची व्याख्या वाचायला सुंदर आहे, पण क्रम, एकसंधपणा हे सगळं जितकं कलेतून येतं तितकंच तबकडीच्या रुंदीतूनही येतं. एका बाजूला साधारण बावीस मिनिटं. त्यापुढे गेलात की आवाज पातळ होतो.

माझं मत फ्लीटवूड मॅकचा 'रूमर्स', फेब्रुवारी १९७७. यात स्टीव्ही निक्सचं 'सिल्व्हर स्प्रिंग्ज' नावाचं गाणं यायचं होतं. मावत नाही म्हणून काढलं आणि एका सिंगलच्या, म्हणजे एका गाण्यासाठी काढलेल्या छोट्या तबकडीच्या, मागच्या बाजूला टाकलं. माझा आयडी तिथूनच आलाय. म्हणजे ज्याला तुम्ही अभंग म्हणता त्यातून एक गाणं जागेअभावी गेलं, आणि आपण सगळे तो तसाच अभंग मानून ऐकत बसलो.

तुमच्या 'जोशुआ ट्री'चंही तेच. पहिलं गाणं कोणतं आणि शेवटचं कोणतं एवढं बँडने सांगितलं होतं. मधला क्रम लावला तो कर्स्टी मॅकॉल या गायिकेने, आपल्याला जे जास्त आवडलं ते आधी, असा. नेरुळला तुम्ही श्वास रोखलात तो तिच्या आवडीनिवडीवर.

आता 'रूमर्स' का? पाच जण, त्यात दोन जोड्या, दोन्ही मोडलेल्या, आणि ड्रमरचाही संसार त्याच सुमारास मोडत होता. तरी रोज त्याच स्टुडिओत यायचं आणि ज्याच्याबद्दल गाणं लिहिलंय त्यालाच मागे साथ करायला लावायची. 'द चेन' हे एकच गाणं पाचही जणांच्या नावावर आहे, आणि ते वेगवेगळ्या तुकड्यांच्या टेपा जोडून केलेलं आहे. मोडलेल्या माणसांनी जोडलेलं गाणं. यापेक्षा एकसंध काय हवं?

आणि 'डार्क साईड'मध्ये जी बाई एकही शब्द न उच्चारता गाते ना, क्लेअर टॉरी, तिला त्या दिवसाचे ३० पौंड मिळाले होते. गाण्यावर सहलेखिका म्हणून नाव लागायला २००५ उजाडलं, तेही कोर्टाची पायरी चढल्यावर.

तलावपाळीकर

ताई, टॉरीबाईंचं मान्य. तिथे बोलायला जागा नाही.

पण तबकडीच्या रुंदीचं मान्य नाही. 'डार्क साईड' जानेवारी १९७२ पासून ते रंगमंचावर सलग वाजवत होते, रेकॉर्ड यायच्या वर्षभर आधीपासून. म्हणजे आकार आधी, तबकडी नंतर. आपल्याकडे नाटक आधी प्रयोगात घडतं आणि मग छापलं जातं, तसं. 'रूमर्स' मला आवडतो, पण तो पॉप आहे.

बी साईड

बाईने लिहिलं आणि खूप खपलं की पॉप. चालू द्या.

घणसोली पंक

काका लोक, तुमच्यापैकी एकाचं तरी मत तुमच्या कॉलेजच्या वर्षांबाहेरचं आहे का? मी २००१ चा. माझ्यासाठी हे सगळे अल्बम सारखेच जुने, त्यामुळे माझं मत त्यातल्या त्यात निष्पक्ष समजा.

द क्लॅश, 'लंडन कॉलिंग'. पंकवाल्यांनीच पंकच्या भिंती पाडल्या. जमैकाचं रेगे आहे, स्का आहे, जुनं रॉक अँड रोल आहे, आणि दोन तबकड्या एकीच्या भावात विकल्या. शेवटचं गाणं इतक्या उशिरा घातलं की पाकिटावर त्याचं नावच नाही. काकांना क्रम पवित्र वाटतो, इथे तर एक गाणं विदाउट तिकीट चढलंय.

कोपरीकर

अरे पण तो ऐंशीच्या दशकातला ना? त्या 'रोलिंग स्टोन' मासिकाने ऐंशीच्या दशकातला पहिल्या नंबरचा अल्बम म्हणून निवडला होता.

घणसोली पंक

अमेरिकेत जानेवारी १९८० ला आला म्हणून. इंग्लंडमध्ये १४ डिसेंबर १९७९. पोराचा वाढदिवस जन्मला त्या दिवशी धरायचा की आजोळच्यांना कळलं त्या दिवशी?

तलावपाळीकर

दशकात घेतला. मत मोजलं. पहिलं वाक्य काढून टाक.

घणसोली पंक

नाही काढणार.

रोड नंबर १६

सगळं वाचून मग लिहितोय. लयीचं नि क्रमाचं मला फार कळत नाही. वागळे इस्टेटमध्ये एकतीस वर्षं पत्र्याच्या प्रेस शॉपला काढली, आधी हेल्पर, मग डाय सेटर. पुतण्याच्या नादाने हे संगीत ऐकायला लागलो तेव्हा पन्नाशी उलटली होती, म्हणजे कॉलेजचा मुद्दा मला लागू नाही.

माझं मत ब्लॅक सॅबथ, 'मास्टर ऑफ रिअ‍ॅलिटी', १९७१. कारण गाण्यांच्या बरंच आधी सुरू होतं.

टोनी आयोमी बर्मिंगहॅमचा. सतरा वर्षांचा असताना पत्र्याच्या कारखान्यात वेल्डिंगला होता. कामाचा शेवटचा दिवस. दुपारी घरी जेवायला आला तो परत जायला तयार नव्हता, आईने धाडलं, दिवस पुरा करून ये म्हणाली. त्या दिवशी प्रेसवरचा माणूस आला नव्हता, म्हणून याला बसवलं. पुढचं मला वाचायची गरज नव्हती. उजव्या हाताच्या मधल्या दोन बोटांची टोकं गेली. आणि हा डावखुरा, म्हणजे तारा दाबायचा हात नेमका उजवा.

आमच्या शॉपमध्ये माझ्या डोळ्यांदेखत एकाचं बोट गेलं, तोही बदलीवरच बसलेला. दोन्ही हातांनी बटणं दाबल्याशिवाय प्रेस खाली येऊ नये अशी सोय असते. माल जास्त निघावा म्हणून ती एका बटणावर आणली होती. नाव घेत नाही, शॉप राहिलेलंही नाही, तिथे आता टॉवर आहे.

आयोमीला त्याच्या फोरमनने जँगो राइनहार्टची रेकॉर्ड ऐकवली. आगीत हात भाजल्यावर दोन बोटांवर गिटार वाजवणारा माणूस. मग या पोराने साबणाची प्लॅस्टिकची बाटली वितळवून बोटांना टोपणं केली आणि वर चामडं चिकटवलं. हे वाचताना मला हसू आलं, कारण हे अगदी आमच्यातलं काम. बाजारात मिळत नाही ना, मग हाताशी असेल त्याचं बनव आणि लाईन चालू ठेव. जाड तारा दाबवेनात म्हणून पातळ लावल्या. आणि या अल्बममध्ये काही गाण्यांना तारा सैल सोडून गिटारच खाली उतरवली. तो जो चिखलातून जड काहीतरी ओढत आणल्यासारखा आवाज येतो, तो तिथला. पुढच्यांनी तो मुद्दाम केला. याने बोटं दुखू नयेत म्हणून केला.

तुमच्या फ्लॉइडने नाण्यांचा खुळखुळाट टेप कापून, चिकटवून गाण्यात आणला. कारागिरी आहे, मानतो. पण 'डार्क साईड' ऐकताना मला हुशार माणसं दिसतात, आणि हा ऐकताना मला माणसाचा हात दिसतो.

बी साईड

काका, या धाग्यात मी पहिल्यांदाच गप्प बसले.

रूपक सात

माझं मत बदलत नाही, पण एक भर घालतो. गिटारची सगळ्यात जाड तार एरवी पेटीच्या पांढरी तीनला असते. त्या गाण्यांत ती काळी एकवर आणली आहे, म्हणजे दीड सूर खाली.

घणसोली पंक

काका, पुतण्याला सलाम सांगा. मत क्लॅशलाच.

तलावपाळीकर

आज सकाळी ऐकला. ३४ मिनिटांचा आहे, ठाण्याला बसलो आणि नेरुळच्या आसपास संपला. डबा भरलेला, एका हाताने कडी धरलेली, दुसऱ्या हाताची मधली दोन बोटं मी किती वेळ बघत होतो कोण जाणे. मत 'डार्क साईड'लाच आहे. पण दोन गाण्यांच्या मध्ये गिटारचे छोटे तुकडे आहेत, ते मोठ्या गाण्यांना जोडून ठेवतात. म्हणजे पिशवी म्हणता येत नाही, एवढं लिहून देतो.

रूपक, ते काळी एकचं खरंच पेटीवर लावून बघितलंत की वाचून सांगितलंत?

रूपक सात

लावून बघितलं. आमच्या मास्तरांचे धाकटे भाऊ गायचे, त्यांची पट्टी. पेटीवर त्या पट्टीचा काळा रंग अजून पुसलेला आहे.

रोड नंबर १६

पेटी घेऊन या एकदा वागळेला. पुतण्याकडे गिटार आहे.